तयार गोळ्या

“यात अंडं आहे का, विचार त्याला,” शैलाताई सुनेला म्हणाल्या.

अश्लेषाने विचारलं. काउंटरमागच्या चिनी म्हाताऱ्याने चष्मा नाकावर चढवून दोघींकडे नीट पाहिलं. खास करून सासूबाईंच्या कडक इस्त्रीच्या साडीकडे आणि त्याखालच्या स्पोर्ट्स शूजकडे. सिंगापूरच्या बुकित बातोक भागात, कारखान्यांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या या दुकानात फक्त कार्प मासा धरायचं सामान मिळायचं. काठ्या, रिळं, गळ आणि भिंतभर आमिषाची पाकिटं. आमिष शाकाहारी आहे का, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“एग मस्ट हॅव, लाह. फिश ईट, नॉट यू ईट.”

“आहे म्हणतोय ना? मग राहू दे,” शैलाताई म्हणाल्या. “घरीच वळायच्या. तुला कंटाळा आलाय, दुसरं काय!”

कंटाळा यायला हरकत नव्हती. गेले अकरा शनिवार अश्लेषा कणकेच्या एकशे आठ गोळ्या वळून कॉन्डोच्या तळ्यातल्या रंगीत कोईंना घालत होती. हे कोई म्हणजे कार्पचेच भाऊबंद. असे चाळीस शनिवार केले की सुनेची कूस उजवेल, असं पुण्याच्या गुरुजींनी सांगितलं होतं आणि ते तडीस न्यायला शैलाताई जातीने सिंगापूरला येऊन राहिल्या होत्या. पण कणकेने तळं गढूळ होतंय, ताबडतोब थांबवा, असं कॉन्डोच्या मॅनेजमेंटचं पत्र आलं. पाण्यात लगेच न विरघळणारी तयार गोळी मिळते, हे अश्लेषानेच नेटवर शोधलं. व्रत मोडलं असतं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं.

दोष तिच्यात नव्हता. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच तसं स्पष्ट सांगितलं होतं. रिपोर्ट नवऱ्याचा, अमेयचा वाईट होता. त्या रात्री तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. “आईला कळता कामा नये. ती मोडून पडेल,” म्हणाला होता. अश्लेषाने शब्द दिला आणि पाळला. सासूची बोलणी ऐकली, नात्यातली डोहाळजेवणं चुकवली, पण कधी ब्र काढला नाही. नवऱ्याची लाज आपण राखतोय, याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

दुकानदाराने दुसरं पाकीट पुढे केलं. “दिस वन नो एग. स्ट्रॉबेरी.”

शैलाताईंनी दोन गोळ्या तळहातावर घेऊन दाबून पाहिल्या, हुंगल्या आणि नाक मुरडलं.

“दगड आहेत नुसते. आणि हे बघ अश्लेषा, गुरुजींनी काय सांगितलंय? जिची कूस रिकामी, तिच्याच हातची गोळी लागते. तुझे हात काही मोडले नाहीयेत.”

“हात धड आहेत, आई. डॉक्टर म्हणतात, माझं सगळंच धड आहे.”

बोलून गेल्यावर तिला धडकी भरली. आता या विचारणार, मग कोणाचं धड नाही? त्या खाली बसल्याच तर जवळ खुर्ची असावी, म्हणून तिने घाईघाईने आजूबाजूला पाहिलंसुद्धा.

शैलाताईंनी दोन्ही गोळ्या पाकिटात परत टाकल्या आणि हात रुमालाला पुसले.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “अमेयने सांगितलंय.”

“कधी?”

“तेव्हाच. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. मन मोकळं केलं बिचाऱ्याने.”

“मग मी कशाला वळतेय या गोळ्या?”

“म्हणजे त्याने वळायच्या? ऑफिस सांभाळून?” अश्लेषाही रोज तांजोंग पगारला जाऊन आठ-नऊ तास घालवायची, ते बहुधा ऑफिसात धरत नसत. “बाईचं नाव पुढे केलं की चार लोकांत खपून जातं. पुरुषाचं नाही खपत. एवढं समजायला हवं तुला.”

अश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती या बाईसाठी नव्हती. या बाईकडून तिने कधी फार अपेक्षाच केली नव्हती. तिला आठवत होता तो अमेय. दर शनिवारी सकाळी डायनिंग टेबलाशी चहा पीत बसायचा. तिच्या बोटांना कणीक चिकटलेली असायची, म्हणून गोळ्या तो मोजायचा. एकही कमी पडू द्यायचा नाही.

“सो, हाऊ?” दुकानदार वैतागून म्हणाला. “बाय ऑर नॉट बाय?”

अश्लेषाने फोन लावला. अमेयने लगेच उचलला.

“तुझ्या आईला घ्यायला ये. गोळ्यांच्या दुकानात आहेत त्या. पत्ता पाठवते.”

“मी? आत्ता?” पलीकडे टीव्हीवर मॅच चालू होती. “का गं? तू आहेस ना तिच्याजवळ?”

“होते,” अश्लेषा म्हणाली आणि काचेचं दार ढकलून बाहेर पडली.