वर्षभर न कुरकुरलेला सर्व्हर

"साहेब, या सर्व्हरची सिस्टीम फार जुनी झालीय. बनवणाऱ्या कंपनीनेही हात वर केलेत. आता तरी बदलू या," सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी यंदाही घसा कोरडा केला.

साहेबांनी त्या घरघरणाऱ्या खोक्याची पाठ थोपटली. "पूर्वी हा दर आठवड्याला मान टाकायचा, कबूल. पण गेलं वर्षभर एकदा तरी कुरकुरला का? मग उगाच कशाला त्याच्या वाटेला जायचं?"

मागच्या वर्षीच्या नकारानंतर बाईंनी सगळं काम गुपचूप शेजारच्या मशीनवर, नव्या सिस्टीमवर हलवलं होतं. जुन्या खोक्यात आता नुसता पंखा फिरत होता, तोही साहेबांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून.