जाळ्याचं सूत

नलूनं सेटचं मागचं झाकण उघडलं तेव्हा आतून माशाचं एक खवल टेबलावर पडलं. वाळून काचेसारखं झालेलं.

"बघा, नलूच्या रेडिओत पापलेट," शेजारच्या टेबलावरून चिंतू म्हणाला. मग हा सेट कुणाचा ते त्याला आठवलं. तो मान खाली घालून आपल्या कामाला लागला.

नलूनं खवल बोटानं बाजूला सारलं. स्क्रू एका झाकणात ठेवले.

रेडिओ मेकॅनिकच्या शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं घरचा बंद सेट आणायचा आणि तीन तासांत तो चालू करून दाखवायचा, अशी बोईसरच्या त्या संस्थेची पद्धत होती. पास होणाऱ्याला कुंभवलीच्या एका कारखान्यात टेलिफोनचे भाग जोडायचं काम मिळे. नलूच्या घरी बंद सेट एकच होता. महिन्यापूर्वी बोट तारापूरला परत आली तेव्हा तिच्यात जाळी होती, मासळी होती, हा ट्रान्झिस्टर होता. नलूचे वडील तेवढे नव्हते.

"नेऊ का?" तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"ने," आई म्हणाली होती. "हितं ठेवून काय करायचा?"

खाऱ्या पाण्यानं बॅटरीची स्प्रिंग हिरवी पडली होती. ती तिनं घासली. स्पीकरची तार तुटली होती, तिला कथलाचा डाग दिला. मग आवाजाच्या बटणामागच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर घुमला. बोट काढलं, थांबला. एवढं झालं की तिथून स्पीकरपर्यंतचा भाग ठीक समजायचा, हे पहिल्याच महिन्यात शिकवलेलं होतं. तिनं आणखी दोनदा बोट लावून पाहिलं. त्याची गरज नव्हती.

अकराच्या सुमाराला मुंबई लागली. कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

ठाण्याहून आलेले परीक्षक टेबलाशी थांबले. त्यांनी बटण फिरवलं. काटा थोडा सरकला, मग बटण नुसतंच फिरत राहिलं.

"काट्याची दोरी कसली आहे ही?"

"जाळ्याचं सूत आहे, सर. नायलॉन."

"कुणी बांधलं?"

"वडिलांनी."

"आणि काचेवर ही रेघ?"

"मुंबई तिथं लागायची. काटा आकड्यावर यायचा नाही, म्हणून त्यांनी सुरीनं खूण केली."

"म्हणजे घड्याळ मागं पडलं तर तबकडीच नवी रंगवायची." परीक्षक हसले. नलूच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "काम चांगलं केलंयस. पण नायलॉन घसरतं. दोरी बदल, काटा छापील आकड्यावर आण. त्याशिवाय मला सही करता येणार नाही. वीस मिनिटं आहेत."

नवी दोरी रामकिसन सरांनी काढून दिली. ते दोन वर्षं तिला शिकवत होते. परभणीकडचे.

जुनी कापली असती तर लगेच निघाली असती. नलूनं गाठीत टाचणी घातली. मग दुसरं टोक धरून ओढलं. गाठ आणखी आवळली. सरांनी चिमट्यानं ओढून पाहिली, सेट उजेडाकडे फिरवून पाहिला.

"अगं, ही गाठ हाय का कुलूप? घरी शिकवली नाही तुला?"

"नाही, सर."

जाळं घेऊन बसले की वडील तिला शेजारून उठवत. तू तुजं शीक, म्हणत, हे आमाला हाय.

चिंतू आपलं आवरून तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आठ मिनिटं उरली," सर म्हणाले. मग हळू म्हणाले, "काप, पोरी."

तिनं गाठीला धक्का लागणार नाही अशा बेतानं, शेजारून कापलं. सूत गाठीसकट कामाच्या निळ्या कोटाच्या खिशात ठेवलं. नवी दोरी चाकावर घेतली, बटणाच्या दांड्याला तीन वेढे दिले, टोक चाकावरच्या स्प्रिंगमध्ये अडकवलं. मुंबई लावली आणि काटा सरकवून आकड्यावर बसवला. सुरीची रेघ दीड बोट मागं राहिली. परीक्षकांनी सही केली.

फाटकाबाहेर आई रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती. बाजार आटोपून ती सरळ इकडेच आली होती.

"झाली?"

"पास झाले."

"बरं झालं. लाव बगू."

नलूनं सेट लावला. आवाज स्वच्छ आला. आईनं काच पाहिली, रेघ पाहिली, काटा कुठं आहे ते पाहिलं.

"बंद कर. बॅटरी जाल."

नलूनं बंद केला. खिशातलं सूत काढून आईच्या हातावर ठेवलं.

"हे कापावं लागलं, आय. गाठ सुटत नव्हती. सरांनापण नाही सुटली."

आईनं ते डोळ्यांजवळ नेलं.

"सुटाला काय झालं? आगो, ही ओडून नाय सुटत. उलटी लोटाची."

"आय—"

"ही बग. अशी."

तिनं नखानं गाठ मागं लोटली. गाठ लगेच सुटली. आईच्या हातात एक लांब सूत राहिलं आणि एक बोटभर तुकडा.

लांब सुताला, गाठ होती तिथं, वाक पडलेला होता. आईनं तो दोन बोटांत धरून सरळ केला. सोडला. तो पुन्हा वाकला.

समोर तारापूरची एसटी लागली. आईनं तो पुन्हा सरळ केला.