भिंतीची चौकशी

भिंतीवरची ओल कालच्या पेन्सिलीच्या रेघेच्या वर चढली होती. आजोबांनी चष्मा पुसला, नवी रेघ मारली आणि नातीला विचारलं, "काय दिसतं?"

"ओल वर गेली."

"दिसलं म्हणून थांबायचं नाही. पुढे काय विचारायचं?"

"पाणी कुठून आलं?" नात म्हणाली आणि खोकली. तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली.

जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आजोबांची तळघरातली ही खोली म्हणजे दुसरी शाळाच होती. भिंतभर तक्ते, कपाटात ठोकळे आणि भिंगं, आणि विद्यार्थिनी एकच. पण हल्ली सगळं घर खोकत होतं, नात सर्वांत जास्त. मुलाने निर्वाणीचं सांगितलं होतं: महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत ओल गेली नाही, तर तळघराला कुलूप.

"बाबा, तुमची शाळा की तिची छाती, एवढाच प्रश्न आहे," तो म्हणाला होता.

आजोबांनी दोन्ही आघाड्या एकदम उघडल्या. खोकल्यावर त्यांचा इलाज ठरलेला होता: वाफारा. गॅस अडवतात म्हणून आजीने त्यांचं पातेलं स्वयंपाकघरातून केव्हाच हाकललं होतं, तेव्हा त्यांनी विजेची शेगडी तळघरातल्या आपल्या टेबलावर मांडली. शाळेच्या शिस्तीत सगळे खाली हजर राहत. टॉवेल डोक्यावर, नाक खाली, गप्पा बंद. आजी टॉवेलखाली डुलकी काढायची आणि पकडली गेली की दीर्घ श्वास घेत असल्याचं सांगायची.

ओलीसाठी गवंडी आला. त्याने भिंतीवर टकटक केलं, बाहेरची माती आत पाणी सोडते म्हणाला आणि नवा गिलावा करून गेला. तो वाळेपर्यंत सगळे नातीच्या मामाकडे राहून आले. परत येऊन पाहतात तर भिंत ठणठणीत आणि नातीची शिट्टीही बंद. आजोबांनी गवंड्याची पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात ओल पुन्हा जुन्या रेघेच्या उंचीला भिडली, तेव्हा त्यांनी ती शाबासकी मनातल्या मनात परत घेतली.

मग संशय घरच्यांवर गेला. जिन्यात वाळणारे सुनेचे कपडे गच्चीवर गेले. मुलाचा टॉवेल त्यांच्यामागोमाग गेला. आजीच्या कुंड्या अंगणात निघाल्या, तेव्हा मात्र ती म्हणाली, "अहो, आता मलाही पिळून वाळत घाला."

ओल वाढतच राहिली. खोकलाही. आजोबांनी सकाळ-संध्याकाळच्या वाफाऱ्याला दुपारचा एक जादा तास जोडला, पण उपयोग शून्य. नात आता जिना चढताना मध्येच बसायची. ते पाहून आजोबांनी एकदा स्वतःच ठोकळे खोक्यात भरायला घेतले, आणि तिने ते गुपचूप परत कपाटात लावले.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांना हुकमी प्रयोग सुचला. त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या.

"थेंब याच्या मागे आले, तर पाणी भिंतीतून येतंय," ते नातीला म्हणाले. "आणि पुढे आले तर?"

नातीने वेळ घेतला. आजोबांनी तो घेऊ दिला.

"तर खोलीतून."

"शाबास. म्हणजे कोणीतरी इथल्या हवेत पाणी सोडतंय."

रविवारी सकाळी मुलगा वाफाऱ्याला आला तो एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात कुलूप घेऊनच. सून आणि आजीही टेबलाशी बसल्या. आजोबांनी चिकटपट्टीचा एक कोपरा सोडवून प्लॅस्टिकच्या मागे हात घातला. कोरडं. मग पुढून बोट ओढलं, तसा पाण्याचा ओघळ जमिनीपर्यंत गेला.

"भिंत निर्दोष आहे," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज निकाल वाचून दाखवावा तसा होता. "चोर घरातलाच आहे."

सुनेने मुलाकडे पाहिलं, मुलाने आजीकडे. आजीने उगाचच आपले हात कोरडे केले.

"मी तेव्हाच म्हणत होतो," आजोबा म्हणाले. "कोणाला तरी निष्काळजीपणाची सवय आहे आणि त्याची शिक्षा या पोरीला होतेय. आज मी त्याला सोडणार नाही. आधी वाफारा घ्या, मग एकेकाची उलटतपासणी करतो."

वारा लागू नये म्हणून त्यांनी खिडकी घट्ट लावली आणि पातेल्याचं झाकण उचललं. पांढरा ढग छताला जाऊन टेकला. आजोबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा धुरकटल्या. टॉवेल एकामागून एक खाली वाकले.

एक टॉवेल मात्र वाकला नाही. नातीने वर्गात करतात तसा एक हात वर केला होता, आणि दुसऱ्या हाताचं बोट पातेल्याकडे धरलं होतं.