कासवरावांचा पंधरावा दिवस

कासवराव सोफ्याखाली शिरले आणि मावशींनी हातातलं फडकं पिळायचं थांबवलं. आज आपण काही म्हणजे काही केलेलं नाही, असं त्यांनी स्वतःलाच दोनदा बजावलं. साहेब आणि वहिनी शेजारी शेजारी उभे राहून सोफ्याकडे बघत होते.

कासवराव म्हणजे फरशी झाडणारं मशीन. चपटं, गोल, थाळीएवढं. साहेबांनी ते वहिनींच्या वाढदिवसाला आणलं आणि नावही त्यांनीच ठेवलं. नाव रावांचं, आतला आवाज मात्र बाईचा. कुठे अडकलं की ती बाई अगदी शांतपणे म्हणायची, "मी अडकले आहे. कृपया मदत करा."

साहेबांना यंत्रांचा भारी सोस. पायांना मालिश करणारं यंत्र आता चपला ठेवायच्या कामी येत होतं, आणि अंडी उकडायच्या यंत्रात वहिनी सेफ्टी पिना ठेवायच्या. पण आपलं चुकलं, असं साहेबांनी जन्मात म्हटलं नव्हतं. दुकानदाराने पंधरा दिवसांची मुदत दिली होती, पसंत नाही पडलं तर परत घेऊ म्हणाला होता. साहेबांनी पहिल्याच दिवशी नाश्ता करता करता जाहीर केलं, "पंधरा दिवसांत यानं घर नीट झाडून दाखवलं, तर मावशींना विश्रांती देऊन टाकू." मावशी भिंतीपलीकडे भांडी घासत होत्या. विश्रांती म्हणजे काय, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. बारा वर्षं त्यांनी या घरात काढली होती. रोज सकाळी साहेब ओरडायचे, "मावशी, चष्मा?" आणि मावशी मान न वळवता सांगायच्या, "फ्रीजवर."

दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातून साहेबांचा एक मोजा चुकून खाली राहिला. कासवरावांनी तो अर्धा गिळला आणि बाई मदत मागू लागली. मावशींना आंधळा मागतो एक डोळा तसं झालं. पुढचे चार मोजे काही चुकून राहिले नाहीत.

चौदा दिवसांत कासवराव नऊ वेळा अडकले. मोजे पाचच होते. बाकीच्या वेळी मशीन आपल्याच अकलेने अडकलं असेल, असं म्हणून मावशींनी त्यात डोकं घातलं नाही. पण काल अकराच्या चहाला वहिनी सहज बोलून गेल्या, "मावशी, तुमच्याइतकं सरळ माणूस शोधून सापडायचं नाही." मावशींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. जायचं तर ताठ मानेने जाऊ, लबाडी करून राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आज आल्या आल्या त्यांनी घरातला मोजा न् मोजा गोळा करून खणात टाकला होता.

"मी अडकले आहे," सोफ्याखालून बाई म्हणाली. "कृपया मदत करा."

मावशी बघतच राहिल्या. साहेब पोटावर आडवे झाले, हात आत घातला आणि बराच वेळ खेचाखेच करून वहिनींचा निळा स्कार्फ बाहेर काढला.

"पडला असेल," वहिनी म्हणाल्या.

"सोफ्याच्या पायाला गाठ मारून पडला?"

वहिनींचे कान लाल झाले. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले. "हो, मीच बांधला. तुम्ही एवढ्या हौसेने आणलंत, नको कशी म्हणू? दिवसभर मी या लॅपटॉपपुढे एकटी बसते. अकरा वाजता मावशी चहा घेऊन समोर बसतात, तेव्हा कुठे मला माणसात आल्यासारखं वाटतं. तुमचं कासव चहा पितं का?"

मावशींचा धीर सुटला. "साहेब, मोजे मी टाकले. पाच."

"मी आजचा धरून तीनदा," वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून स्कार्फच लावला. दोघींना हसू आवरेना. मावशी फडक्यासकट खाली बसल्या.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे माझ्या घरात, माझ्याच पाठीमागे," असं म्हणत त्यांनी कासवरावांना सोफ्याखालून ओढून मोकळ्या फरशीवर ठेवलं आणि बटण दाबलं. "आता बघा कसं चालतं ते."

कासवराव तरातरा निघाले. कपाटाजवळ साहेब एकदम पुढे धावले, पण उशीर झाला होता. कासवराव कपाटाखाली गेले, दोनदा गुरगुरले आणि थांबले.

"मी अडकले आहे."

या वेळी वहिनींनी हात घातला. हाताला पिवळा टाय लागला, ठिपक्यांचा. काल संध्याकाळी तो साहेबांच्या गळ्यात होता.

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. आजचं सोडून पाच मोजे, दोन स्कार्फ, एकूण सात. नवात दोन कमी. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

साहेब आढ्याकडे बघत होते. "मी एकदा त्याला चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं," ते हळूच म्हणाले. "तर म्हणतं, बॅटरी पूर्ण भरली आहे."

हसून हसून तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब जमिनीवरच फतकल मारून बसले होते. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "पण आता परत कसं करायचं? दुकानदार खोक्याशिवाय हातही लावणार नाही. आणि खोकं मी पहिल्याच दिवशी मावशींना फेकायला सांगितलं."

मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"माळ्यावर आहे, थर्मोकोलसकट. पावती आतच ठेवलीय," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत तुम्ही फेकायला सांगितलेलं मी एकदा तरी फेकलंय का?"