दोन कंपन्या, एक शिडी

एकेचाळीस रुपयांना घेतलेला ‘तारांगण केबल’चा शेअर सव्वीसवर आला, त्या सकाळी सॅम्युअल अष्टमकर खांदा कॉलनीतून रिक्षा करून थेट गव्हाणला, भगवानशेटांच्या घरी गेले.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. रिक्षावाल्याकडेही पावती मागणारा. पण ‘तारांगण’ एका बड्या टेलिकॉम कंपनीत विलीन होणार अशी कुजबुज उठली आणि दलाल मोनाली म्हणाली, “काका, भगवानशेटनी घेतलेत.” सॅम्युअलनी फॉर्म न वाचता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा. पैसे इस्रायलच्या तिकिटांचे होते. मुलगी निरीतला बाळ झालं होतं आणि आजी-आजोबांनी ते अजून फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

“आज विकलेत तर एकाचं तिकीट निघेल,” बायको अबीगेल निघताना म्हणाली होती. “आणि ते माझं.”

भगवानशेट म्हणजे साधी असामी नव्हे. मिठागरं सरकारी प्रकल्पात गेली, मोबदला आला, तो त्यांनी शेअरमध्ये घातला आणि आजवर चार विलीनीकरणं पेपरच्या आधी ओळखली. कशी? पहाटे करंजाड्यात फिरायचे म्हणे. दोन कंपन्यांचे वायरमन एकाच शिडीवर दिसले, की लग्न ठरलं. भल्याभल्या तज्ज्ञांना आकडे लावून जे कळत नाही, ते हा माणूस नुसती मान वर करून ओळखायचा.

ओटीवर एक गृहस्थ आधीच बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, उतरलेला चेहरा.

“तुमचेही तारांगणमध्ये?” सॅम्युअलनी विचारलं.

“सगळंच,” गृहस्थ म्हणाले. “घास उतरत नाही हो.”

सॅम्युअलनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यात भगवानशेट चहाचा कप घेऊन बाहेर आले.

“या साहेब, बसा. पयले हे आलेत, यांचा पयले आयकतो.”

“शेट, एवढंच सांगा,” गृहस्थ म्हणाले. “विलीनीकरण होणार की नाही?”

“होनार.”

“शिडी दिसली?”

“शिडी कसली वो! लोक काय पन बोलतात. माजे गुडगे गेलेत, मी कुटं पहाटे फिरतो?” भगवानशेटांनी सॅम्युअलकडे बोट केलं. “हे अष्टमकर साहेब. बँकेतला मानूस. आतली खबर असल्याबिगर दमडी लावनार नाय. मोनाली बोलली यांनी घेतले, म्हनून मी घेतले. साहेब, तुमीच सांगा यांना. काय शंका हाय?”

सॅम्युअलनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग त्यांना नातू आठवला.

“शंका नाही,” ते म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून दोघांना नमस्कार केला आणि अंगणात जाऊन फोन लावला.

“हॅलो, चेअरमन बोलतोय. हो, खात्री करून घेतली. आपल्या तारांगणचं विलीनीकरण होतंय. आता समोरच्या कंपनीलाही कळवून टाका.”