मुळासकट काढलेली गाठ

अजयनं बहिणीची पिशवी मोटरसायकलला बांधली आणि त्याच वेळी त्याचा भाऊजी हरिदास अंगणात कोसळला.

रुखमा पायरीवरच थांबली. नवऱ्याचं हे पडणं तिला नवं नव्हतं. सकाळी उठला की दरदरून घाम, जड जीभ, तारवटलेले डोळे. कधी धानाच्या बांधीत आडवा सापडायचा, कधी सख्ख्या भावालाही ओळखायचा नाही. गाव म्हणायचं, मोहाची दारू चढली. आणि घरात, दाराआड, रुखमाला मार पडायचा. पाठीवर, दंडावर, लुगड्याखाली झाकलं जाईल तिथं. चार वर्षं झाली होती. परवा तिनं आरमोरीच्या ठाण्यात तक्रार दिली होती. गडचिरोलीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम अजयनं बघून ठेवलं होतं. सोमवारपासून जायचं होतं.

‘पडू दे त्याले,’ अजय म्हणाला. ‘चाल बाई तू.’

पण हरिदासचे हातपाय झटके देऊ लागले, तेव्हा तिला राहवलं नाही.

दवाखान्यात नर्सनं बोटाला सुई टोचली. साखर फक्त अठ्ठावीस. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत हरिदास उठून बसला.

‘मी कुठी आहो?’ त्यानं विचारलं.

तोंडाला दारूचा वास नव्हता. मधुमेह नव्हता, तसली कुठली गोळीही चालू नव्हती. मग छातीचा एक्स-रे काढला. उजवी बाजू खालून अर्धी पांढरी दिसली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून त्याला चंद्रपूरला पाठवलं.

तिथं छातीची ऑपरेशनं करणाऱ्या डॉ. संघप्रिया मेश्राम होत्या. सीटी स्कॅन झालं, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला. बारा दिवसांनी त्यांनी रुखमाला एकटीला बोलावलं.

‘फुप्फुसाच्या आवरणावर गाठ आहे. तंतूंची, एकच. फार क्वचित दिसते. मी आजवर दोनच काढल्या. पंधरा वर्षं तरी वाढत असेल. पण ही इन्सुलिनसारखं द्रव्य सोडते. रात्रभर पोट रिकामं, त्यात ही साखर खाते. सकाळी मेंदूला काही उरतच नाही.’

‘म्हणजे दारू नाई?’

‘नाही.’

रुखमा बराच वेळ बोटांनी पदराचा काठ चाचपत राहिली. मग तिनं माराचं सांगितलं. अजय आणि ठाण्यातला हवालदार सोडून कुणापुढे ती हे प्रथमच बोलत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘साखर इतकी उतरली की माणूस भ्रमिष्ट होतो. शिव्या देतो, अंगावरही धावतो. नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. सकाळीच व्हायचं ना हे?’

रुखमानं एकेक दिवस आठवून पाहिला. काही दिवस त्यात बसत नव्हते. ते तिनं बाजूला सारले.

‘हो जी,’ ती म्हणाली. ‘सकाळीच.’

वॉर्डात आल्यावर तिनं हरिदासला गाठीचं, भ्रमाचं सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. ‘मले खरंच काई आठवत नाई, रुखमा. मी असा करीन का तुले?’

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले. चार वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्याजवळ बसायची भीती वाटली नाही.

अजयचा फोन आला. ‘वसतिगृहवाले थांबून नाई राह्यले, बाई.’

‘दुसरी पाहू दे त्यायले. तो नव्हता मारत, अजय. ती गाठ मारत होती.’

दुसऱ्या दिवशी ती बसनं आरमोरीला गेली आणि तक्रार मागे घेतली. हवालदारानं दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा सांगितलं, माझा गैरसमज झाला होता.

ऑपरेशनच्या कागदावर तिनं सही केली. रक्तस्राव होऊ शकतो, माणूस टेबलावर जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. ऑपरेशन पाच तास चाललं. हा मेला तर सुटेन, असं कितीदा मनात आलं होतं, ते आठवून ती बाकावर बसून रडली.

डॉक्टर बाहेर आल्या. ‘निघाली. मुळासकट.’

ट्रेमध्ये पांढुरकी, गाठाळ, पपईएवढी वस्तू होती. दोन किलोच्या वर भरली म्हणे. रुखमानं तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. चार वर्षांचा सगळा संताप तिनं त्या मांसाच्या गोळ्यावर ओतला आणि मोकळी झाली.

दुसऱ्या सकाळी ग्लुकोजविना साखर अठ्ठ्याण्णव भरली. तपासणीचा रिपोर्टही चांगला आला, कडेला काही शिल्लक नव्हतं. सहा महिन्यांनी स्कॅनला यायचं, एवढंच. साखर पाहायचं छोटं मशीन घेऊन दोघं गावी परतले.

आठवडाभर हरिदास स्वतःहून उठत होता, घामाचा थेंब नाही. शेजारची भागीरथा म्हणाली, ‘माणूस नवाच करून आणला, बाई.’

आठव्या दिवशी रुखमानं चहा दिला, सवयीनं त्याच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा पाहून हसली. ‘एकशे चार! डॉक्टरले बी नसन एवढी चांगली.’

हरिदासनं चहाचा घोट घेतला. ‘सुट्टी देताना डॉक्टरीणबाई मले म्हणे, आता बायकोवर हात उठणार नाई तुमचा. तू सांगितलं तिले?’

‘सांगा लागलं जी. त्याच्यानंच तं सारं ध्यानात आलं.’

‘सारं सांगितलं?’

‘आठवलं तेवढं. जाऊ द्या आता. तुमाले तं काई मालूमच नाई.’

हरिदासनं कप खाली ठेवला. त्याचा आवाज अगदी शांत होता.

‘पोळ्याच्या दिवशी, जेवण झाल्यावर, वेळूची काठी तुटेपर्यंत हाणलं होतं तुले. तेबी सांगितलं?’