पडद्यामागचा पंच

"मी गाणारच," लागी म्हणाली. "तुम्ही पंच झालात म्हणून मी काय तोंड शिवून बसू?"

फेरेतीने नारळ खवता खवता सुस्कारा टाकला. "अगं, तुझा आवाज मी शंभरात ओळखीन. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने बायकोला ढाल वाटली!"

चर्चच्या गायकवृंदांच्या स्पर्धेत बक्षीस मिळणारी ती ढाल सामोआत जावयापेक्षा लाडकी. एका वर्षी पंचाने भाच्याच्या गावाला जिंकवलं आणि भर चर्चमध्ये हाणामारी झाली. तेव्हापासून पंच पडद्यामागे. सगळ्यांनी एकच गीत गायचं, गावाचं नाव घ्यायचं नाही, मध्ये फक्त घंटा. जिंकलेल्या गावांची नावं ढालीवर कोरलेली होती, पण फेरेती-लागीच्या सालेवाई गावाचं नाव आजवर एकदाही नाही. लागीला ते फार डाचायचं.

"त्यापेक्षा आपली पेपे बरी," फेरेती पुटपुटला. "गाण्याच्या वेळी मेली तोंडच उघडत नाही."

"पोरगी सासरी सुखात आहे, तिला कशाला मध्ये ओढता?" लागी फणकारली आणि टारोच्या कंदांची टोपली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहिला वृंद बेसूर निघाला. दुसरा चांगला, अगदी नेटका. तिसऱ्याने तोंड उघडलं आणि वरच्या पट्टीत तो आवाज आला, शेवटाला किंचित थरथरणारा. फेरेतीच्या अंगावर काटा आला. लग्नाआधी याच आवाजासाठी तो परगावच्या चर्चला चालत जायचा.

तिसराच सरस, त्याला वाटलं. पण हे कान बोलतायत की माया? देवाच्या घरात बायकोचं कौतुक नको. जड हाताने त्याने तिसऱ्याचे पाच गुण कापले.

पाद्रीबाबांनी निकाल वाचला. "ढाल सालेवाईला!"

फेरेती चक्रावला. पडदा सारून तो बाहेर आला, तोच पांढऱ्या झग्यातली लागी टोपी सावरत धावत आली.

"जिंकलो हो!"

"अगं, पण तुझा आवाज तर मी तिसऱ्या..."

"माझा? छे! आम्ही दुसरे गायलो. तुमच्या नावाला बट्टा नको म्हणून मी नुसते ओठ हलवले." लागीने त्याचा हात धरला. "तिसरं ते पेपेच्या सासरचं गाव. आपली लाजरी पोर आज पहिल्यांदा गायली हो, अगदी माझाच गळा! आता तिकडे रडत बसलीय, चला समजूत काढू. दोनच गुणांनी हुकली बिचारी."